आपट्यापर्यंतची जागा

कुंदाताईंचा माणसाच्या बोलण्यावर काडीचा विश्वास नव्हता. नागोठण्याच्या फलाटावर आमची पहिली भेट झाली तेव्हा मी आपणहून सांगितलं, की मला पनवेलच्या एका शाळेत नुकतीच नोकरी लागली आहे. त्यांनी माझ्या चपलांपासून पर्सपर्यंत नजर फिरवली आणि विचारलं, "कंच्या शालेत?" मी नाव सांगितलं. "मुख्याध्यापक कोन हाय तिथं?" तेही सांगितलं. त्यावर नुसतं "हं" केलं. दोन-तीन दिवसांनी गाडीत माझ्याशेजारी बसत म्हणाल्या, "खरं बोललीस गो तू. मी विचारून आले तिथं." मला राग यायला हवा होता, पण परीक्षेत पास झाल्यासारखं बरंच वाटलं.

याला त्यांची नोकरी कारण होती, असं मला वाटतं. पनवेलच्या एका कचेरीत रेशनकार्डाच्या खिडकीमागे त्यांचं आयुष्य गेलं होतं. मेलेल्या सासऱ्याच्या नावावर गहू उचलणारे, सासरी नांदणाऱ्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डावर तसंच ठेवणारे, एका घरात दोन चुली दाखवणारे, अशा लोकांशी दिवसभर बोलून संध्याकाळी घरी यायचं. सगळं जगच त्यांना एक मोठं रेशनकार्ड वाटत असावं, ज्यातली निम्मी नावं कमी करायची राहून गेली आहेत. माहेर खारेपाटातलं, मिठागरवाल्यांचं. बुटक्या, भरल्या अंगाच्या, चापूनचोपून बसवलेला अंबाडा आणि त्यात अबोलीचा गजरा. खिडकीमागे त्या शुद्ध बोलत आणि गाडीत पाय ठेवला की माहेरची भाषा काढत. गुडघे दोन्ही गेलेले होते, पण ते त्या कबूल करत नसत. गुडघ्याचं सांगितलं की लोक फायदा घेतात, असं त्यांचं म्हणणं होतं. कोण कसा फायदा घेणार, ते मला कधी उमगलं नाही.

रोह्याहून सकाळी सुटणाऱ्या त्या गाडीत बायकांसाठी एक डबा होता. तिघींच्या बाकावर चौघी बसायच्या. चौथीची अर्धी मांडी हवेत असे आणि तिचा सगळा भार तिसरीच्या खांद्यावर. नागोठण्यापर्यंत बसायला मिळे, कासूला जेमतेम, आणि पेणला दार उघडलं की बाहेरच्या बायका आत शिरताना आतल्यांचे श्वास अडकत. जागेसाठी भांडणं ठरलेली. खिडकीतून रुमाल टाकायचा, रुमाल कुणाचा यावर ओरडायचं, कुणाचं मंगळसूत्र कुणाच्या पदरात अडकायचं. एकदा अशाच भांडणात एकीचा जेवणाचा डबाच उघडला आणि आमटी सगळ्यांच्या पायांवर गेली.

मी यायच्या आधीच कधीतरी कुंदाताईंनी या सगळ्यावर एक नियम बसवला होता. रोहा-नागोठण्याच्या बायकांनी आपट्यापर्यंत बसायचं. आपटा आलं की उठायचं आणि पेणहून उभ्या आलेल्या बायकांना बसू द्यायचं. आपटा जवळ आलं की ताई बाकावरून उठून दांडी धरत आणि "चला, उठा" एवढंच म्हणत. पहिल्या त्याच उठलेल्या असायच्या, म्हणून कुणाला बोलायला तोंड नसे. ज्यांना खरोखर उभं राहता येत नाही त्यांना पूर्ण प्रवासभर बसायची मुभा होती. मात्र त्यालाही अट होती. कारण सगळ्या डब्यासमोर, मोठ्यानं सांगायचं. "कानातली कारनं आपल्याकडं चालनार नाय," असं त्या बजावत.

या अटीमागे हमरापूरची एक बाई होती. तिनं एकदा पाचवा महिना असल्याचं ताईंच्या कानात सांगितलं आणि जागा मिळवली. गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळीचा फराळ डब्यात वाटून झाला, तरी बाईचा पाचवा महिना काही संपेना. ताईंनी तिला एकदा विचारलं, "डॉक्टर कंचा गो तुझा?" तिनं एक नाव सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं तर दुसरंच. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तेच ते, दातांच्या दवाखान्याशेजारचे." ताई म्हणाल्या, "मंग दातालाच दिवस गेलं असतील." डबा हसून हसून आडवा झाला. ती बाई त्यानंतर पुढच्या गाडीनं जाऊ लागली.

आपटा आलं की काहींना हटकून झोप लागे. त्यावरही ताईंचं औषध होतं. झोपलेलीच्या डोक्याशी उभ्या राहून त्या शांतपणे म्हणत, "कोनाची गो ही पर्स उघडी?" खरी झोपलेली असली तर हलत नसे, आणि तिला त्या खुशाल झोपू देत. खोटं झोपलेलीचा हात मात्र लगेच पर्सकडे जायचा. तो गेला की ताई तिच्याकडे नुसत्या बघत राहत.

एकदा कुठल्याशा संस्थेकडून एक तरुण मुलगी प्रवाशांची मतं विचारायला आमच्या डब्यात आली होती. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. "बसण्याच्या सोयीबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते पाचमध्ये सांगा." ताईंनी तिचं ओळखपत्र उलटंसुलटं करून वाचलं, फोटो तिच्या तोंडाशी ताडून पाहिला आणि मग विचारलं, "नागोठण्यापर्यंत कशी आलीस?" ती म्हणाली, "ऑफिसच्या गाडीनं." "आनि जानार?" "गाडी पनवेलला येईल घ्यायला." ताईंनी सरळ तिचा दंड धरला आणि तिला आमच्या बाकावर चौथी म्हणून बसवलं. "पनवेलला सांगते तुला एक का पाच." पेण झालं, हमरापूर झालं, मुलीच्या मांडीवर कुणाची तरी भाजीची पिशवी आली, टॅब छातीशी कवटाळून ती कशीबशी टिकून राहिली. पनवेलला उतरली ती लंगडतच. मी ताईंना म्हटलं, "आता ही तरी खरं लिहील." ताई तिच्या पाठमोऱ्या चालीकडे बघत म्हणाल्या, "लंगडतंय खरं. लिहिनार भलतंच."

दर्शना आमच्या गाडीला यायला लागली ती पावसाळा सरता सरता. माहेर मुरुडच्या कोळीवाड्यातलं, लग्न होऊन पेणला आलेली, पनवेलला चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर उभं राहायचं काम. चांगली हसरी, दणकट पोर. पेणला चढायची आणि आपट्यापर्यंत आनंदानं उभी राहायची. मग एकाएकी तिचं काहीतरी बिनसलं. एक दिवस म्हणाली, पाय मुरगळलाय, बसू का. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी रात्री झोप झाली नव्हती. पाय मुरगळलेली मुलगी जिन्यावरून नीट उतरते हे ताईंनी पनवेलला स्वतः पाहिलं होतं.

"हिचं पानी कुठंतरी मुरतंय," त्या मला म्हणाल्या. मलाही तसंच वाटत होतं. ताईंच्या शेजारी बसून बसून मीही आता सगळ्यांच्या चपला बघायला शिकले होते.

त्या सकाळी पनवेलच्या बाजाराला सुकट घेऊन जाणारी एक मावशी पेणला चढली आणि तिची टोपली दर्शनाच्या पायाशी आली. दर्शनानं तोंडाला ओढणी लावली. मग तोंड फिरवलं. मग गर्दीतून वाट काढत आमच्या बाकाशी येऊन दांडीला डोकं टेकून उभी राहिली. कपाळावर घाम फुटला होता.

ताई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. "मुरुडची ना गो तू?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "कोल्याची पोर ना? मंग सुकटीचा वास कधीपासनं लागाय लागला तुला?"

दर्शनाचे डोळे एकदम भरले. ती वाकली आणि त्यांच्या कानाशी बोलली, पण मी ताईंना इतकी चिकटून बसले होते की मलाही सगळं ऐकू आलं. "दुसरा महिना हाय ताई. आधीचं एक गेलं. सासूबाईंनी शपथ घातलीय, तीन महिने भरल्याबिगर बाहेर कुठं बोलायचं न्हाय. डॉक्टरनं जपून राहा सांगितलंय. नोकरी सोडली तर घरात भागत न्हाय. मी काय करू?"

आमच्याकडे तीन महिने पुरे झाल्याशिवाय दिवस गेल्याचं कुणी चारचौघांत बोलत नाही. दृष्ट लागते म्हणा, भीती म्हणा. ज्या घरातलं एक गेलेलं असतं तिथं तर भिंतीलाही कळू देत नाहीत. इकडे आमच्या डब्यात मोठ्यानं सांगितल्याशिवाय जागा नाही, आणि तो नियम करणारी बाई समोर बसलेली.

ताईंनी हमरापूरच्या बाईला विचारलं होतं तसं काही विचारलं नाही. डॉक्टरचं नावसुद्धा नाही. त्या उठल्या, दर्शनाला हाताला धरून आपल्या जागी बसवलं आणि तिच्यासमोर दोन्ही हातांनी दांडी धरून उभ्या राहिल्या, म्हणजे गर्दीचा रेटा आला तर आधी त्यांच्या पाठीत बसावा. मग माझ्याकडे वळल्या. "तू काय ऐकलं नायस." मी मान हलवली. "मान हालवू नको. मना तुझी खात्री नाय," त्या म्हणाल्या.

पुढे रोज तेच होऊ लागलं. पेणला ताई उठायच्या, दर्शनाला गर्दीतून ओढून बसवायच्या. आपट्याला तोवर बसलेल्या बाकी सगळ्या उठल्या तरी दर्शना जागची हलत नसे आणि ताई पनवेलपर्यंत उभ्या. पहिले काही दिवस बायकांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग कुजबुज सुरू झाली. रोह्याहून येणारी सरोज म्हणून एक बाई होती, बोलायला फटकळ पण मनानं वाईट नव्हे. तिनं सरळ विचारलं, "ताई, या पोरीचं कारण काय?"

"मना बसून गुडघे आखडतात. डॉक्टरनं उभं राहायला सांगितलंय," ताई म्हणाल्या.

जन्मात पहिल्यांदा ही बाई चारचौघांत आपल्या गुडघ्यांबद्दल बोलली आणि तेही खोटं. ते कुणालाही पटलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्याचं खोटं पकडणाऱ्या बाईला स्वतःला मात्र धड खोटं बोलता येत नव्हतं. बोलताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

संशयाला मग चांगलंच खाद्य मिळालं. त्याच सुमारास ताईंच्या मुलाला, जो बरेच दिवस घरी बसून होता, बंदरातल्या एका गोदामात काम लागलं. दर्शनाचा नवरा बंदराकडे ट्रेलर चालवतो, हे कुणीतरी शोधून काढलं. झालं, दोन आणि दोन चार झाले. आमच्या डब्याचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता. गाडी उशिरा आहे, कुणाची छत्री राहिली, असले निरोप त्यावर येत. एके दिवशी तो अगदीच शांत झाला आणि मला नव्या ग्रुपमध्ये घेतल्याचा निरोप आला. त्यात ताई नव्हत्या. तिथे सकाळ-संध्याकाळ ताईंचाच विषय असे. मी वाचत असे आणि काहीही लिहीत नसे. मी लिहीत नाही म्हणून माझ्यावरही संशय येऊ लागला. आणि ताई माझा फोन वाजला की विचारत, "काय लिवलंस?" म्हणजे दोन्ही बाजूंनी मी चोरच.

शेवटी एका सकाळी आपटा आलं, ताई "चला, उठा" म्हणाल्या, आणि कुणीही उठलं नाही. पेणच्या बायका उभ्याच. सरोज मांडीवरची पर्स घट्ट धरून म्हणाली, "आधी हिचं कारण सांगा. नियम सगळ्यांना एक ना? की तुमच्या पोराला नोकरी लावली म्हणून हिला जागा?"

गाडी आपट्याहून सुटली तरी डब्यात कुणी हललं नाही. दर्शना उठायला लागली. "मी सांगते," ती म्हणाली. "ताईंचं काही न्हाय त्यात, माझं..."

ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं. "तू गप बस." मग त्या सगळ्यांकडे वळल्या. खिडकीबाहेर न बघता, एकेकीच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "व्हय. पोराची नोकरी हिच्या नवऱ्यानं लावली. त्याच्यासाठीच बसवते मी हिला. आता झालं समाधान?"

हे मात्र त्यांनी इतकं साफ सांगितलं, की सगळ्यांना एका क्षणात पटलं. मुलगा स्वतः वणवण फिरून कामाला लागला होता, हे मला माहीत होतं. दर्शनाला दिवस गेलेत, एवढ्या एका वाक्यात त्या सुटल्या असत्या. त्यांनी ते वाक्य गिळलं आणि त्याऐवजी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं.

आपट्याचा नियम त्या दिवशी संपला. पुन्हा रुमाल उडू लागले, पुन्हा शिव्या. ताईंशी कुणी बोलेना. त्या मात्र रोज पेणला उठत आणि दर्शनाला बसवत, एवढाच त्या डब्यात नियम उरला होता.

आणि मग दर्शना यायची बंद झाली. तीन महिने भरायला थोडे दिवस राहिले होते. एका सोमवारी आली नाही, मंगळवारी आली नाही, मग पूर्ण आठवडा. नव्या ग्रुपवर कुणी लिहिलं, सगळं उघडं पडलं, आता कशाला येतेय. पेण आलं की ताई उठून दाराशी जात, आत शिरणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे बघत. तेवढ्यात त्यांच्या जागेवर दुसरी कुणी बसलेली असे. त्या पनवेलपर्यंत उभ्या राहत.

मी एकदा म्हटलं, "ताई, त्या चष्म्याच्या दुकानात विचारून येऊ का? वाटेवरच आहे माझ्या."

"नको," त्या म्हणाल्या. माझी चौकशी करायला शाळेपर्यंत जाऊन आलेली ही बाई. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "विचारलं नाय तंवर सगलं बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि दांडीवरचे हात त्यांनी आणखी घट्ट केले. या बाईला मी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी मुद्दाम दुसऱ्या रस्त्यानं शाळेत जात होते, न जाणो चष्म्याच्या दुकानातलं कुणी काही सांगायचं.

थंडी सरली, आंब्याला मोहोर आला. ताईंच्या निवृत्तीला थोडे दिवस उरले होते. डब्यातल्या बायका एरवी निरोपाला नारळ, साडी, पेढे करतात, या वेळी कुणी विषयही काढला नाही.

त्या सकाळी गाडी पेणला थांबली तेव्हा ताई नेहमीप्रमाणे दारात उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे मी. बायकांचा लोंढा आत शिरला. ताईंनी अचानक माझं मनगट पकडलं. फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या नळापलीकडे, गर्दीपासून लांब दोन बायका उभ्या होत्या. एक वयस्कर. तिच्या हाताला धरून दर्शना. हिरवी साडी, मनगटभर हिरव्या बांगड्या, आणि चांगलं दिसण्याइतकं पोट. कामावर जायला ती आलेलीच नव्हती. नुसती ताईंना दिसायला आली होती.

आमच्यावर नजर पडताच ती हसली आणि दोन पावलं पुढे आली.

"तिथंच थांब!" ताई केवढ्यानं ओरडल्या! "फुडं येऊ नको! धक्का लागंल कोनाचा! ओ बाय, धरा तिला! गर्दीत कशाला आनलंत?"

दर्शना थांबली. सासूनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लांबूनच ताईंना नमस्कार केला. एव्हाना सगळ्या खिडक्यांतून बायका बघत होत्या. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पोटाकडे बघून जी ती मनातल्या मनात मागे मोजत गेली. सरोजनं तोंडावर हात ठेवला.

गाडी हलली. दर्शना दिसेनाशी होईपर्यंत ताई दारातून बाहेर वाकून हातानंच तिला मागे सर, मागे सर, असं सांगत होत्या. मग आत वळल्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. सरोज केव्हाच उठून उभी राहिली होती. "ताई," ती म्हणाली, "बसा. आमचं चुकलं. ती पोटुशी आहे हे आम्हाला..."

"श्श्!" ताईंनी बोट ओठांवर ठेवलं आणि भरल्या डोळ्यांनी सगळ्या डब्यावर नजर फिरवली. "बोलू नका कोनी. अजून बालंत व्हायचंय ती."

ताई खाली बसल्या, बाजूच्या बायकांनी त्यांच्यासाठी होता होईल तितकं अंग चोरलं, आणि आमचा तो बोलघेवडा डबा पनवेल येईपर्यंत चिडीचूप होता.